घरातून जाणारी होडी

खोटे डोंगर, खोट्या गुहा आणि खोटी झाडं करण्यात माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं गेली. बडोद्यात चित्रकला शिकत होते तेव्हा असंही काम जगात असतं हे मला माहीत नव्हतं. आमची कंपनी लहान आहे. शहराबाहेर एक मोठी शेड, तिच्यात फायबरचा उग्र वास, आणि वर पंख्याखाली आम्ही चार-पाच जण चित्रं काढत बसलेलो. गुजरातेत आणि आजूबाजूला जी थीम पार्कं निघतात, त्यांच्या राइड बाहेरून कशा दिसाव्यात हे आम्ही ठरवतो. आतली यंत्रं दुसरे लोक आणतात, आम्ही त्यांना कातडी चढवतो.

मागणी बहुतेक वेळा ठरलेलीच असते. परदेशी सिनेमातल्यासारखा डायनासोर, परदेशी सिनेमातल्यासारखा किल्ला, समुद्रातले चाचे, अंतराळ. हुबेहूब करायचं नाही, कारण त्याचे हक्क त्यांच्याकडे. म्हणून कान जरा लांब करायचे, टोपीचा रंग बदलायचा. आपल्याकडेही अख्ख्या घराने मिळून बघितलेले, आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना पाठ असलेले सिनेमे होते. त्यांतल्या एकाचीही राइड कुणी कधी मागितली नाही. खरं सांगायचं तर मीही कधी सुचवली नाही. समोर कागद आला की हात सवयीने डायनासोरच काढायचा.

अलीकडे पादऱ्याच्या रस्त्यावर एका कुटुंबाने पार्क काढायचं ठरवलं. भाजीपाल्याच्या व्यापारातून वर आलेले लोक. घरातला मोठा मुलगा सगळं बघायचा, त्याला आम्ही नुसतं ‘भाई’ म्हणायचो. पंचेचाळिशीचा, मऊ बोलणारा माणूस. पहिल्याच भेटीत त्याने मला सांगितलं, “बेन, एक राइड अशी करा की आमच्या बा पण बसू शकतील. झटका नको, उंची नको. सगळं घर एका वेळी बसलं पाहिजे.” बा म्हणजे त्याची आई.

त्या संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता मला तो सिनेमा आठवला.

माझे वडील कोयलीच्या रिफायनरीत होते. आम्ही टाउनशिपमध्ये वाढलो. तिथल्या मैदानावर दोन बांबूंना पांढरा पडदा ताणून सिनेमे दाखवायचे. आई चटई आणि शेंगदाण्यांचा डबा घेऊन लवकर जाऊन जागा धरायची. वडील पाळी संपवून आलेले असायचे, तसेच मांडी घालून बसायचे आणि बसल्या बसल्या झोपायचे. लोक मोठ्याने हसले की डोळे उघडायचे, आमच्याकडे बघून तेही हसायचे आणि पुन्हा झोपायचे. पण त्या एका सिनेमाला ते जागे राहिले होते. म्हणूनही तो माझ्या लक्षात राहिला असेल.

सिनेमा हिंदी होता. नदीकाठचं एक घर, त्यात एक बिनलग्नाची आत्या आणि तिच्या मेलेल्या भावाची पाच मुलं. सगळ्यांत धाकट्याने माडीवर एक बकरी लपवून ठेवलेली असते. आत्याला ती वर असल्याचं ठाऊक असतं, पण ठाऊक नसल्यासारखं करून ती रोज जिन्याच्या पायरीवर पाला ठेवते. पुढे बातमी येते की धरण पुरं होतंय, गाव पाण्याखाली जाणार. गाव हळूहळू रिकामं होतं. आत्या मात्र हलायला तयार नाही. पाणी शेतात येतं, मग अंगणात, मग ओसरीच्या पायरीपर्यंत.

पोळ्या झाल्यावर मी ओट्यावरच कागद ठेवून चित्र काढलं. होडीत एक कुटुंब बसलंय आणि होडी त्या घरातून चालली आहे. ओसरीवरचा झोपाळा, फडताळातली भांडी, जिन्याची पायरी, माडीच्या खिडकीतून डोकावणारी बकरी. सगळं पाण्यातून, हळू, धक्का न लागता. कितीतरी वर्षांत आपणहून काढलेलं ते माझं पहिलं चित्र होतं.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या तरुण मुलींनी तो सिनेमा बघितलेला नव्हता, नावही ऐकलं नव्हतं. आम्ही इंटरनेटवर शोधला तर एक धुरकट प्रत मिळाली, तीही अर्धीच. शेवटचा भाग कुणी टाकलेलाच नव्हता. मुलींनी थोडा वेळ बघितला. बकरीपाशी हसल्या. मग एक म्हणाली, “मॅम, छान आहे, पण खूप स्लो आहे ना?” मी म्हटलं, राइडही हळूच हवी आहे. आमच्या साहेबांनी चित्र बघितलं, चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, “दाखवून तर बघू.”

आम्ही थर्माकोलचं एक छोटं मॉडेल केलं आणि भाईंच्या ऑफिसात घेऊन गेलो. ऑफिस घराच्या खालच्या मजल्यावरच होतं. भाई होते, आणि जाहिरातीचं काम बघणारा त्यांचा मेहुणा होता. दाराजवळच्या खुर्चीत त्यांच्या बा बसल्या होत्या. त्यांचा डॉक्टर यायचा होता म्हणून त्यांना खाली आणून बसवलं होतं, मीटिंगशी त्यांचा काही संबंध नव्हता.

मी बोलायला लागले. मेहुणा फोनवर काहीतरी बघत होता. मी सिनेमाचं नाव घेतलं तसा तो भाईंना म्हणाला, “आ कोण जोशे?” म्हणजे, हे कोण बघणार?

तेवढ्यात बा बोलल्या. “पेली बकरीवाली फिल्म?”

सगळ्यांनी मान वळवली. बांनी हात पुढे केला, म्हणून मी मॉडेल उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी थर्माकोलच्या जिन्यावर बोट ठेवलं. “इथे ती पाला ठेवायची,” त्या गुजरातीत म्हणाल्या. “आणि पोराला वाटायचं, फोईला काहीच माहीत नाही.” फोई म्हणजे आत्या.

“बा, तुम्ही कधी बघितली?” भाईंनी विचारलं.

“पादऱ्याला. तंबूत. तू मांडीवर होतास.”

भाई हसले. आपल्या आईने सिनेमा बघितलाय, तोही तंबूत, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. बांनी मॉडेलमधला झोपाळा बोटाने हलवून बघितला. दोरा बांधलेला होता, तो हलला. मला वाटलं, झालं काम. गाडीत बसल्यावर साहेबही म्हणाले, “लागलं वाटतं.”

मग हक्कांचा प्रश्न आला. ते शोधणं माझ्याकडेच आलं. कुणाकुणाला विचारत मी सिनेमा काढणाऱ्यांच्या मुंबईतल्या घरचा नंबर मिळवला. फोन नातवाने उचलला. मी सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, “कुठला सिनेमा?” मी पुन्हा नाव सांगितलं. तो म्हणाला, “हा आमच्या दादाजींनी काढलाय?”

मी हो म्हटलं. त्याने विचारलं, त्यात काय आहे. मी त्याला आत्या आणि मुलं आणि बकरी सांगत बसले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला की काकांना विचारून कळवतो. त्याने कळवलं नाही, मीच फोन केले. काका म्हणाले, हक्क फार पूर्वी एका कॅसेट कंपनीला दिले होते. ती कंपनी बंद झालेली होती. तिथे काम केलेले एक गृहस्थ सापडले, त्यांना एवढंच आठवत होतं की कपाटं कुणीतरी नेली. कुणी नेली ते आठवत नव्हतं.

परदेशी कंपन्यांचं काम एकदा जवळून बघितलं होतं. पात्राचे डोळे किती मोठे, हसताना दात किती दिसावेत, इथपर्यंत छापील पुस्तक देतात. इथे नाही म्हणायलाही कुणी नव्हतं. मी रोज जेवणाच्या सुट्टीत एखादा फोन करायचे आणि डबा तसाच गार व्हायचा. चीड येत नव्हती. नुसता कंटाळा साचत होता, अंगात कणकण असते तसा.

तरी भाई म्हणाले होते की नाव बदलू, चेहरे बदलू, घर तर कुणाच्या मालकीचं नाही ना. त्यावर पुन्हा एकदा बसलो. या वेळी बा नव्हत्या. मेहुणा मात्र तयारीने आला होता. तो वाईट माणूस नाही. त्याने मॉडेलकडे बघितलं आणि मला सरळ विचारलं, “बेन, आपली गिऱ्हाइकं कुठली? बडोद्याचीच ना?”

“हो.”

“गेल्या पावसात अर्ध्या बडोद्याच्या घरात पाणी होतं. लोकांनी बायका-पोरांना होडीतून बाहेर काढलंय. ते लोक सुट्टीच्या दिवशी इथे येतील आणि पाण्यात बुडालेलं घर बघायला होडीत बसतील?”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं.

कारण विश्वामित्री नदीचं पाणी माझ्याही घरात आलं होतं. आमची सोसायटी नदीच्या बाजूला आहे, आमचं घर तळमजल्यावर. नवरा नंदेसरीला केमिकल कंपनीत आहे. त्या दिवशी तो ड्यूटीवर होता आणि रस्ते बंद झाल्यामुळे तिकडेच अडकला. वडील गेल्यापासून आई आमच्याकडेच असते. तिला मी आणि वरच्या मजल्यावरच्या बेननी मिळून जिन्यावरून वर नेलं. तिची औषधं, देव आणि गादीची एक वळकटी एवढंच नेता आलं. वरून बघितलं तर आमचा फ्रिज आडवा होऊन तरंगत दारापर्यंत आला होता. नदीत मगरी आहेतच. मगर आली, मगर आली, असं खाली कुणीतरी ओरडत होतं. खरी होती की नव्हती, देव जाणे. पाणी उतरल्यावर भिंतींना जो वास राहिला तो चुना मारूनही गेला नाही.

हे सगळं मला माहीत होतं. तरी ओसरीच्या पायरीला पाणी लागलेलं चित्र काढताना, होडीला रंग देताना, आपलं घर मला एकदाही आठवलं नव्हतं. माझ्या डोक्यात ते टाउनशिपच्या मैदानावरचं पाणी होतं, पडद्यावरचं, ज्याने काही भिजत नाही. इथे माझ्या स्वयंपाकघरातल्या कपाटाची फुगलेली दारं अजून नीट लागत नव्हती.

“बरोबर आहे तुमचं,” मी मेहुण्याला म्हटलं.

त्यालाच थोडं अवघडल्यासारखं झालं. “सिनेमा चांगलाच असणार, बेन,” तो म्हणाला. “बा तर घरी रोज त्याचंच बोलतात.”

शेवटी बर्फाची गुहा ठरली. होडी तीच, पाण्याचा मार्गही तोच. फक्त घराच्या जागी बर्फ, पेंग्विन आणि पांढरी अस्वलं. पेंग्विन आणि पांढरी अस्वलं जगाच्या एकाच टोकाला राहत नाहीत हे मी एकदा सांगून बघितलं. “चालशे,” साहेब म्हणाले, आणि तेही काही चूक नव्हतं. कुणी बघायला येणार होतं ते गारव्यासाठी. मी पेंग्विनचे साचे काढून घेतले, पिलं केली, अस्वलाच्या नाकाचा काळा रंग स्वतः दिला. घराचं मॉडेल शेडमध्ये एका फळीवर होतं. नंतर त्या फळीवर रंगाचे डबे ठेवायला जागा लागली तेव्हा कुणीतरी ते हलवलं. कुठे, ते मी विचारलं नाही.

पार्क उघडलं ते मे महिन्यात. उन्हाने डोळे उघडवत नव्हते. उद्‍घाटनाला आम्हालाही बोलावलं होतं. बर्फाच्या गुहेपुढे रांग सावलीबाहेर गेली होती. मी एकदा आत जाऊन आले. खरंच गार होतं. माझ्या पुढच्या होडीत एक अख्खं कुटुंब होतं, आजोबा, आजी, सुना, पोरं. अस्वल गुरगुरलं की ते सगळे मिळून खोटंखोटं घाबरत होते आणि हसत होते. भाईंनी पहिल्या दिवशी मागितलं होतं ते नेमकं हेच. मला वाईट वाटायला हवं होतं का, कळेना. बाहेर आले आणि सावलीतला बाक शोधला, कारण गुडघे बोलायला लागले होते.

बाकाशेजारी बांची चाकाची खुर्ची लावलेली होती. त्यांना सांभाळणारी बाई पाणी आणायला गेली होती. मी “केम छो, बा” म्हटलं. त्यांनी मला लगेच ओळखलं.

“ते घर कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. मी गुजरातीत म्हटलं, “नाही झालं, बा. त्याऐवजी हे केलं.” आणि गुहेकडे हात केला.

त्यांनी गुहेकडे बघितलं. रागावल्या नाहीत. “अंदर बहु ठंडी लागशे,” एवढंच म्हणाल्या. मग माझ्या हातावर हात ठेवून त्यांनी विचारलं, “पछी शुं थयुं?”

मला वाटलं राइडचं विचारतायत. मी हक्कांचं, मुंबईच्या फोनचं सांगायला लागले. त्यांनी मान हलवली. “ते नाही. फिल्ममध्ये. पाणी पायरीला लागलं, मग पुढे काय झालं?”

“तुम्ही बघितली ना, बा?”

“पूर्ण कुठे? हा माझा पोरगा मांडीवर रडायला लागला. सासूबाई म्हणाल्या, चल, लोकांना त्रास होतोय. मी उठले. तंबूच्या दारातून मागे वळून बघितलं तर पाणी पायरीला लागलं होतं आणि ती फोई झोपाळ्यावर बसून होती. तेवढंच बघितलं.”

“मग कुणाला विचारलं नाही?”

“कुणाला विचारणार? घरात पुरुषांनी बघितली नव्हती. सासूबाई माझ्याबरोबरच उठल्या. नंतर कामं लागली मागे. मला वाटायचं, बुडाले सगळे. पोरं पण. कधी रात्रभर पाऊस पडला की वाटायचं, उगीच उठले. थांबले असते तर निदान कळलं असतं.”

मी बाकावर पुढे सरकून बसले. लाउडस्पीकर वाजत होता म्हणून त्यांच्या कानाजवळ तोंड नेऊन सांगितलं. पाणी ओसरीवर चढतं. मोठी मुलगी येऊन आत्याच्या पायांशी पाण्यातच बसते, काही बोलत नाही. मग आत्या उठते. तीन होड्या येतात. भांडी, गाद्या, झोपाळ्याची फळी, सगळं होड्यांत भरतात. मुलं बसतात. आत्या शेवटी निघते, आणि घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून दाराला कुलूप लावते. नावाडी हसतो, म्हणतो, बाई, उद्या कौलांवर पाणी असेल, कुलूप कशाला? ती म्हणते, माझं घर आहे, उघडं टाकून कशी जाऊ?

“मग?”

“मग ते जातात. सरकारने नवीन गाव दिलेलं असतं, पत्र्याची घरं, ओळीने. झाड नाही एकही. तिथे उतरतात. तिथे संपतं.”

“बधा बची गया?”

“सगळे, बा.”

“बकरी?”

“बकरीसुद्धा. धाकट्याच्या मांडीवर असते.”

बांनी माझा हात सोडला आणि पदराने चेहरा पुसला. घाम होता की काय, मला दिसलं नाही. “तो तो सारुं,” म्हणजे बरं झालं, त्या म्हणाल्या. पाणी आणायला गेलेली बाई आली, तिने त्यांना दोन घोट पाजले. तेवढ्यात भाई गर्दीतून वाट काढत आले. “बा, चला, तुमच्यासाठी एक होडी थांबवून ठेवलीय.”

“मने घरे लई जा,” बा म्हणाल्या. “थाकी गई छुं.”

भाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी ड्रायव्हरला फोन लावला, आणि बाईने खुर्ची वळवून दरवाजाकडे नेली. बांनी जाताना मागे बघितलं नाही. मी हात वर केला होता, तो तसाच खाली घेतला.

साहेबांनी मला गाडीतून घरापर्यंत सोडलं. वाटेत ते पुढच्या कामाचं बोलत होते. राजस्थानात एक पार्क निघतंय, डायनासोर हवेत, मोठे, डोळे लाल पेटणारे. मी हं हं करत होते. अटलादऱ्याजवळ वाहतूक तुंबली होती. एसीचा वारा गुडघ्यांवर येत होता, तो बंद करा म्हणायचंही जिवावर आलं.

घरी आई पलंगावर बसून भाजी निवडत होती. मी चप्पल काढता काढता तिला बांचं सगळं सांगितलं. तिने गवारीच्या शिरा काढणं थांबवलं नाही, पण नीट ऐकलं.

“बकरी कुठली वाचायला?” ती म्हणाली. “बकरी माडीवरच राहिली होती. तो पोरगा होडीतून हाका मारत असतो. तुझे बाबा त्या वेळी डोळे पुसत होते, म्हणून माझ्या लक्षात आहे.”

“मला तर त्याच्या मांडीवर आठवतेय.”

“तू लहान होतीस. झोपली असशील.”

मी वाद घातला नाही. शेवटचा भाग आता कुठे बघायला मिळणार होता? आणि मिळाला असता तरी त्या वेळी उठून शोधण्याचं त्राण माझ्यात नव्हतं. आईने भाजीचं ताट बाजूला सरकवून पलंगावर जागा केली.

“बस जरा,” ती म्हणाली. “चहा मी टाकते.”

“राहू दे गं, तुझी कंबर दुखते,” मी म्हटलं, पण बसले. ती भिंतीला धरून उठली आणि हळूहळू स्वयंपाकघरात गेली. कपाटाचं फुगलेलं दार तिने दोन हातांनी ओढून उघडल्याचा आवाज आला, मग भांडं ठेवल्याचा. मी पाय वर घेऊन ताटातली उरलेली गवार पुढे ओढली.